विस्तवाची जागा

घर बांधावयास निघालेला गृहस्थ देवघर कोणत्या दिशेस असावे हे चार वडीलधाऱ्यांस विचारतो, दरवाजाचे तोंड कोणीकडे असावे यासाठी पंचांग उघडवितो, जिन्याच्या पायऱ्या विषम याव्यात म्हणून गवंड्याशी हुज्जत घालतो. परंतु घरातील माणसांच्या स्नानाचे पाणी कोठे तापावयाचे आणि त्यासाठी पेटणारा विस्तव भिंतीच्या आत असावयाचा की बाहेर, हा प्रश्न बहुधा रंगसफेदी आटोपल्यावर, नळकाम करणारा मनुष्य हातात पाना घेऊन दाराशी उभा राहिला म्हणजे निघतो, आणि तो बिचारा जेथे भिंत रिकामी दिसेल तेथे खिळे ठोकून मोकळा होतो. देवळ्यास आम्ही नवे घर बांधले तेव्हा हा क्रम बदलावयाचा, पाणी तापविण्याची जागा आधी मुक्रर करावयाची आणि मग भिंतींची आखणी करावयाची, असे मी आरंभीच ठरविले होते. त्यामागे कारणे होती, आणि त्यांपैकी एक कारण माझ्या भाच्याच्या जिवाशी निगडित आहे.

देवळा 1999 साली स्वतंत्र तालुका झाला. तत्पूर्वी आमची दप्तरे कळवणास असत, आणि महसूल खात्यातील माझ्या चाकरीचा बराच काळ त्या दप्तरांच्या सहवासात गेला. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा मिळून ज्यास लोक कसमादे म्हणतात, तो हा मुलूख पर्जन्यछायेचा. घाटमाथ्यावर पाऊस रिता झाल्यावर जे मेघ उरतात तेवढेच आमच्या वाट्यास येतात, आणि गिरणेच्या काठची लोहोणेर-विठेवाडीसारखी गावे वगळली तर पाण्याचा हंडा जपून वापरण्याची शिस्त येथल्या माणसांच्या हाडीमाशी खिळलेली आहे. हिवाळा मात्र निसर्गाने आम्हांस सढळ हाताने दिला आहे. निफाडचा पारा उतरल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा आमच्याकडेही पहाटे कांद्याच्या वाफ्यात पाणी धरणाऱ्या माणसाची बोटे वळेनाशी होतात. अशा गावात उष्णोदकास चैन म्हणणे अन्यायाचे होईल. पाणी थोडे असल्यामुळेच ते नेमके हवे तेव्हा, हवे तितके आणि हवे तेथे ऊन मिळणे ही येथे संसाराची निकड आहे.

आमच्या गावठाणातील जुन्या घरात ही निकड एक तांब्याचा बंब भागवीत असे. ज्यांनी बंब पाहिला नाही अशी पिढी आता कर्ती झाली आहे, सबब त्याची रचना सांगितली पाहिजे. बाहेरचे मोठे नळकांडे पाण्याचे, आणि त्याच्या पोटातून तळापासून माथ्यापर्यंत गेलेली दुसरी अरुंद नळी विस्तवाची. तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडावयाचा खण, माथ्यावर धूर निघावयाचे तोंड आणि त्यावर ठेवण्याचे टोपण, बाजूस पितळी तोटी. पेटविल्यावर ज्वाळा त्या मधल्या नळीतून वर ओढली जाते आणि चोहोबाजूंनी तिला वेढून असलेल्या पाण्यास आपली उष्णता देत जाते, त्यामुळे मूठ-दोन मूठ काटक्यांत घरादाराचे पाणी तापते. रशियन आणि इराणी लोकांचे समोवार हे चहाचे पात्र याच तत्त्वावर घडविलेले असते. या पात्राचा एक कडक नियम आहे: पोटात पाणी नसताना त्यात विस्तव घालू नये, कारण मग तांबे तापून जोडांचे डाग सुटतात आणि तांबटाकडे खेप करावी लागते. म्हणून आमच्या घरी रात्री निजण्यापूर्वी बंब भरून ठेवणे हे देवापुढे दिवा लावण्याइतकेच चुकवू नये असे कर्तव्य मानले जाई. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी तो चिंचेने घासून लखलखीत केला जाई, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडे, आणि अभ्यंगस्नानाचे पहिले तपेले त्यातून निघेपर्यंत मुलांस तोटीस हात लावण्याची मुभा नसे.

हा बंब मागच्या मोरीत, तीन भिंती आणि वर निम्मे पत्रे अशा अर्धवट उघड्या जागेत असे. लहानपणी मला ती जागा गैरसोयीची वाटे. पहाटेचे वारे सरळ अंगावर येई. पुढे नाना प्रकारची घरे पाहिल्यावर ध्यानात आले की ज्या कोणा पूर्वजाने ती मोरी तशी ठेविली, त्याने धुराला जावयास आणि हवेला यावयास वाट राखून ठेविली होती. त्या वाटेची किंमत काय असते, हे आम्हांस भाच्याच्या प्रसंगाने कळले.

तो नोकरीनिमित्त एका मोठ्या शहरात भाड्याच्या सदनिकेत राहत होता. स्नानघर म्हणजे जेमतेम एक मनुष्य हात पसरू शकेल एवढी खोली, तीतच भिंतीवर गॅसचा गिझर, आणि वर हातभर लांबीचा झरोका. थंडीचे दिवस होते. झरोक्यातून वारे येते म्हणून त्यात पुठ्ठा बसविलेला होता. एके सकाळी स्नानास गेलेला मुलगा बराच वेळ बाहेर येईना, पाण्याचा आवाज तर चालू, हाकेस ओ नाही, तेव्हा त्याच्या पत्नीने शेजाऱ्यांस बोलावून दाराची कडी उचकटविली. तो जमिनीवर निश्चेष्ट पडला होता. उघड्या हवेत आणून, इस्पितळात प्राणवायू लावून त्यास शुद्धीवर आणावे लागले. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा त्याने सांगितलेली हकीकत अशी की आधी कपाळ जड झाले, मग पाय आपले नाहीत असे वाटू लागले, दार दोन हातांवर दिसत होते आणि तेथवर जाण्याची इच्छाच होईना. वास काही आला नाही, खोकला नाही, डोळ्यांस चुरचूर नाही. तो वाचला. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत अशाच स्नानघरांतून न वाचलेल्या माणसांच्या बातम्या येत होत्या, आणि त्या मी यापूर्वी कितीदा तरी वाचून पान उलटले होते.

डॉक्टरांनी जे समजावून दिले ते प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवावे अशा योग्यतेचे आहे. कोणताही विस्तव हवेतील प्राणवायू खातो. कोंडलेल्या खोलीत तो कमी पडू लागला की जळणे अपुरे होते, आणि अपुऱ्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू उत्पन्न होतो. त्यास रंग नाही, गंध नाही. आपल्या रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने ओढून धरतो, त्यामुळे छाती श्वास घेत असते आणि मेंदू उपाशी मरत असतो. स्वयंपाकाच्या गॅसला जो उग्र दर्प असतो तो गळती उमगावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. लोक समजतात की दर्प येत नाही तोवर भय नाही, परंतु हा घातक वायू गॅस पेटलेला असतानाच निर्माण होतो आणि तो गंधहीनच राहतो. लाकूड, कोळसा, गोवरी, गॅस, कोणत्याही विस्तवास हे लागू आहे. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन निजलेली माणसे याच रीतीने दगावतात.

पुढे वाचनात आले की 1868 साली लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या कारागिराने गॅसवर तत्काळ पाणी तापविणारे जे पहिले यंत्र काढले, आणि ज्यास त्याने गिझर हे नाव दिले, त्यास धुराडेच नव्हते. जळालेली हवा सरळ स्नानाच्या खोलीत उतरत असे. म्हणजे या यंत्राच्या जन्माबरोबरच हा दोष जन्मास आला होता. थंड देशांत पुढे दर घरात पाणी आणि खोल्या तापविण्याचा बॉयलर आला, आणि तो कोठे बसवावा, त्याचे धुराडे खिडकीपासून किती लांब निघावे, ताजी हवा कोठून घ्यावी, याचे नियम तेथे झाले. आमच्याकडे यंत्र आले आणि नियम मागे राहिले. आमच्या गावोगावच्या बाजारपेठांत ते एका पेटीत मिळते, आणि ती पेटी कोठे टांगावी हे विकत घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले असते.

या पार्श्वभूमीवर आमच्या घराची आखणी निघाली. वडिलांच्या पश्चात वाटण्या होऊन गावठाणातील घर चुलतभावाकडे गेले, आणि आम्हा दोघा भावांच्या हिश्श्यास गावाबाहेरचा मळ्यालगतचा तुकडा आला. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचे वेळापत्रक भिंतीवर डकवून माणसे आपापली कामे बेतीत असत, आणि पहाटेच्या स्नानासाठी विजेवर विसंबणे म्हणजे स्नान दुपारवर ढकलणे होते. सबब विजेचा गिझर बाद झाला. धाकट्या भावाच्या मुलांचा आग्रह गॅसच्या गिझरचा होता, त्यांना भाच्याची हकीकत सांगितल्यावर तो आपोआप मावळला. राहता राहिले दोन उपाय: गच्चीवरचा सौर बंब, आणि वाटणीत आमच्याकडे आलेला तो जुना तांब्याचा बंब. आई त्या वेळी ऐंशीच्या पुढे होती, सूर्योदयापूर्वी स्नान उरकून देवपूजेस बसण्याचा तिचा नेम होता, आणि तिच्या सवयीचे पाणी त्या बंबाचे होते. घरात दोन-तीन मते झाली तेव्हा ओट्यावर बसलेली आई आमच्या अहिराणीत इतकेच म्हणाली, "आग भाईर ऱ्हाऊ दे, पानी मझार येऊ दे." विस्तव बाहेर असावा आणि पाणी आत यावे. मी जे कागदावर चार बाजूंनी मांडीत होतो ते तिने एका वाक्यात निकालात काढले होते, आणि त्यानंतरचे सारे काम त्या वाक्याच्या अंमलबजावणीचेच होते.

मिस्त्री जागा पाहावयास आला तो मे महिन्यात. आमच्या अक्षांशावर, जे साडेवीस अंशांच्या आसपास आहेत, त्या महिन्याच्या उत्तरार्धात माध्यान्ही सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी गडप होते. दक्षिणेच्या बांधावर एक जुना निंब आहे, तीस फुटांच्या आसपास उंचीचा. त्याचीही सावली त्या दुपारी बुंध्यापुरतीच होती. मिस्त्रीने गच्चीची दक्षिण बाजू दाखविली आणि म्हणाला, "नाना, सौरचं तोंड दक्षिणेलाच पाहिजे, मग टाकी इथंच ठेवू, सगळं ऊन मोकळं आहे." तोंड दक्षिणेस असावे हे त्याचे म्हणणे यथार्थ होते, कारण वर्षाचा बहुतेक काळ सूर्य आमच्या दक्षिणेकडूनच जातो. परंतु ऊन पाणी लागते ते मार्गशीर्ष-पौषात, आणि 22 डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य आमच्या क्षितिजापासून जेमतेम 46 अंश वर चढतो. त्या दिवसांत भर दुपारी कोणत्याही वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते, आणि सकाळ-संध्याकाळ तर त्याहून पुष्कळ लांब. मेमध्ये निर्दोष दिसणारी जागा डिसेंबरात निंबाच्या छायेखाली जाणार होती. निंब तोडावा असेही एकाने सुचविले. सावली देणारे झाड पाणी तापविण्यासाठी पाडावे हे मला मान्य नव्हते. मी पायाभरणी हिवाळ्यापर्यंत तहकूब ठेविली. घरच्यांनी कुरकुर केली खरी, पण बांधकामासाठी पाण्याचीही तोवर सोय लागणार होती.

मार्गशीर्षात मी त्या मोकळ्या जागेवर बांबू उभा करून त्याला गच्चीच्या उंचीवर चिंधी बांधली, आणि निंबाची सावली त्या चिंधीवर केव्हा येते आणि केव्हा उतरते ते पाहत बसलो. बांबू उत्तरेकडे सरकवीत नेला तेव्हा गच्चीचा उत्तरेकडचा तिसरा हिस्सा सकाळपासून दिवस कलेपर्यंत उन्हात राहतो असे आढळून आले. तेथे चुन्याने चौकोन आखून घेतला.

विस्तवाच्या जागेसाठी निराळी परीक्षा करावी लागली. पहाटे, दिवस उजाडण्यापूर्वी, मी घमेल्यात एक अर्धी ओलसर गोवरी पेटवून ते आखलेल्या घराच्या निरनिराळ्या कोपऱ्यांवर ठेवीत गेलो. भावडबारीकडच्या डोंगरउतारांवरून रात्रभर थंड झालेली जड हवा पहाटे हळूहळू खाली वाहत येते. अंगास ती वारा म्हणून जाणवतही नाही, परंतु धूर तिचे चालणे उघड करतो. दक्षिणेच्या कोपऱ्यावर ठेविलेल्या गोवरीचा धूर उभा चढला नाही. कंबरेइतक्या उंचीवर आडवा होऊन जेथे माजघर यावयाचे होते त्या दोऱ्यांवरून संथपणे सरकत गेला. घमेले उत्तरेच्या कडेस नेले, तेव्हा तोच धूर घराच्या आखणीकडे न वळता शेताकडे निघून गेला. धाकट्या भावाने, कडाक्याची थंडी असतानाही, शेजारी उभे राहून हे सारे पाहिले, आणि पुढे मिस्त्रीशी बोलताना माझ्यापेक्षा तोच अधिक ठामपणे बोलू लागला.

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित झाला. आमच्या नात्यातील एका वृद्ध आप्पांचे मत पडले की अग्नीचे स्थान आग्नेय, सबब बंबही आग्नेयेसच असला पाहिजे, आणि उत्तरेस विस्तव ठेवणे अशास्त्र होय. आप्पांचा शब्द घरात मानला जात असे आणि मलाही तो डावलावयाचा नव्हता. मी त्यांना पहाटे जागेवर घेऊन गेलो, धूर दाखविला, आणि विचारले की ज्या अग्नीवर अन्न शिजते आणि ज्यातून नैवेद्य निघतो तो चुलीचा अग्नी आपण आग्नेयेस ठेविला आहे, मग स्नानाचा विस्तव, जो भिंतीबाहेरच राहावयाचा आहे, तो घराच्या हद्दीत मोजावा काय? आप्पा बराच वेळ धुराकडे पाहत राहिले. मग म्हणाले की घरात राहणाऱ्यांच्या डोळ्यांत धूर जाऊ नये हाही शास्त्राचाच हेतू असला पाहिजे. माझ्या मते तो अत्यंत समंजस निवाडा होता.

आता सौर बंबाच्या रचनेतील खुबी पाहावी. 1891 साली बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने सूर्यावर पाणी तापविण्याचे पहिले विक्रीयोग्य यंत्र काढले, त्यात काळ्या रंगाची टाकीच काचेच्या पेटीत ठेविलेली असे. दिवसा पाणी चांगले तापे आणि रात्री, टाकी उघड्यावरच असल्यामुळे, थंड होऊन जाई. 1909 मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने ऊन गोळा करणारा भाग आणि पाणी साठविणारी टाकी वेगवेगळी केली, टाकीस उष्णतारोधक वेष्टन दिले, आणि टाकी वर, तापविणारा भाग खाली असे ठेविले, म्हणजे तापून हलके झालेले पाणी पंपावाचून आपोआप वर चढते आणि गार पाणी खाली उतरते. आज आमच्या गच्च्यांवर जी यंत्रे दिसतात ती याच कल्पनेची संतती होत. एकंदरीत पाहता बेलीने नवे असे काही पेटविले नाही. त्याने जागांची अदलाबदल केली, आणि तेवढ्याने सायंकाळचे ऊन पाणी सकाळपर्यंत टिकू लागले. या रचनेत गार पाण्याची टाकी ऊन पाण्याच्या टाकीहूनही उंचावर असावी लागते, आणि वाफ व हवा जावयास ठेविलेली उभी नळी त्याहूनही वर काढावी लागते; आम्ही गार पाण्याची टाकी उत्तरेस, म्हणजे सौर बंबाच्या पाठीशी, विटांच्या उंच चौथऱ्यावर चढविली, जेणेकरून तिची सावली काचेवर पडू नये. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलोचा भार, शिवाय सांगाडा आणि टाकी. म्हणून तो चौकोन खालच्या तुळईच्या डोक्यावर आणून ठेविला. बोअरचे पाणी क्षारयुक्त असल्याने तांब्याच्या बारीक नळ्यांत चुनखडी साचण्याचे भय होते, यास्तव काचेच्या नळ्यांचा प्रकार घेतला.

आणि मग स्नानघर. मूळ आखणीत ते दक्षिण-पश्चिमेस होते. उत्तरेच्या टाकीपासून तेथवर नळ नेला असता त्याची लांबी साठ फुटांवर गेली असती. पाऊण इंची नळाच्या प्रत्येक मीटर लांबीत सुमारे 300 मिलिलिटर पाणी मावते. म्हणजे रात्रभर नळात गार झालेले साडेपाच लिटरांच्या आसपास पाणी सोडून दिल्यावाचून पहाटे पहिल्या माणसाच्या हातास ऊन पाणी लागणार नव्हते, आणि आमच्या घरी पहिले माणूस म्हणजे आई. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, तेथे रोजची ही नासाडी मला पटली नाही. नळ जाड वेष्टनाने गुंडाळावा, असे नळवाल्याचे मत होते. वेष्टनाने उष्णता काही तास रोखता येते, रात्रभर नाही. सबब मी मिस्त्रीस सांगितले की नळ लांबविण्याऐवजी स्नानघरच उचलून उत्तरेस आणावे. कागदावर ते चार रेघांचे काम होते. टाकीच्या थेट खाली, उत्तर भिंतीस लागून स्नानघर आले आणि नळाची लांबी तेरा-चौदा फुटांवर आली. स्वयंपाकघरात ऊन पाण्याचा नळ हवा ही भावजयीची मागणी मात्र त्यामुळे फेटाळली गेली, आणि ती तिने मोठेपणाने सोडून दिली याची येथे नोंद केली पाहिजे.

त्याच उत्तर भिंतीच्या बाहेर, चार हात रुंदीची उघडी पडवी काढून, तीत आम्ही जुना बंब बसविला. आईचे वाक्य येथे विटा-सिमेंटात उतरले. दगडी चौथरा एवढ्या उंचीचा केला की बंबाची तोटी स्नानघरातल्या बादलीच्या काठाहून वर येईल. तोटीच्या जागी लोखंडी नळीचा तुकडा जोडून तो भिंतीतून आरपार नेला आणि आतल्या अंगास तोटी लावली. भिंतीतले ते छिद्र नळीभोवती गच्च बुजविले, म्हणजे धूर आत शिरावयास वाव नाही. बंबाच्या माथ्यावरील पाणी भरावयाच्या तोंडावर गच्चीवरच्या टाकीचा एक गार नळ आणून सोडला, त्यामुळे हंडे उचलून बंब भरण्याचे जे काम पिढ्यानुपिढ्या आमच्या घरच्या स्त्रियांच्या कंबरेवर पडत आले होते, ते संपले. पेटविणारे माणूस बाहेर उघड्या हवेत उभे राहते, स्नान करणारे आत निवाऱ्यात असते, आणि दोघांच्या मध्ये नऊ इंची वीटभिंत असते. स्नानघराचा झरोका पूर्वेस काढला, बंबाच्या धुराच्या वाटेपासून दूर.

पहिल्या हिवाळ्यात त्या बंबास जे सरपण मिळाले, त्याविषयी लिहिताना हात जड होतो. डाळिंबावर तेल्या रोगाने धाड घातली होती. कसमादेतील बागाच्या बागा त्या वर्षांत उपटल्या गेल्या, आणि आमचीही बाग, जी धाकट्या भावाने पोटच्या पोराप्रमाणे वाढविली होती, मुळासकट काढावी लागली. रोगट फांद्या जाळूनच टाकाव्यात असे कृषी खात्याचे सांगणे असते. त्या फांद्या पडवीत रचून ठेविल्या होत्या. भाऊ पहाटे उठून त्या एकेक मोडून जाळीवर घाली. डाळिंबाचे लाकूड चिवट आणि जड, पेटावयास वेळ घेते, परंतु एकदा पेटले की निखारा दीर्घकाळ धरते. तो काही बोलत नसे, आणि मीही त्या वेळी पडवीत जाणे टाळीत असे.

वर्षाचे बहुतेक दिवस सौर बंबानेच काम भागते. परंतु ज्येष्ठ-आषाढात आभाळ भरून राहते, हिवाळ्यातही कधी अवकाळी ढग येतात, आणि मग भाऊ किंवा भावजय बाहेरचा बंब पेटवितात. आत तोटीखाली बसणाऱ्यास पाणी कोणत्या बंबाचे आहे याचा पत्ताही लागत नाही. पुतणी बाळंतपणास माहेरी आली तेव्हा ही दुहेरी तजवीज फारच उपयोगी पडली. बाळ-बाळंतिणीच्या न्हाणीस सकाळी नऊ-दहाची वेळ, तोवर घरातल्या साऱ्यांनी टाकीतले ऊन पाणी संपविलेले. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना कढत पाणी लागे, आणि ते बंबावाचून मिळाले नसते. त्या आतून भिंतीवर थाप मारून आणखी एक फांदी घालावयास सांगत. आईने त्या स्नानघरात जी वर्षे काढली, त्यांत तिला ऊन पाण्यावाचून किंवा धुरामुळे कधी खोळंबावे लागले नाही, आणि बांधकामाच्या हिशेबातील इतर सर्व रकमांपेक्षा मला याचे समाधान अधिक वाटते.

भाच्याच्या सदनिकेचे प्रकरण त्या मानाने चिकाटीचे निघाले. तेथे गच्ची सामाईक, सौर यंत्रास परवानगी नाही. गॅसचा गिझर ठेवणे त्यास भागच होते. मी त्यास म्हटले की यंत्र तेच राहू दे, जागा बदल. स्नानघराच्या बाहेरील भिंतीस लागून, तीन अंगांनी मोकळा असा कपडे वाळविण्याचा सज्जा होता. गिझर तेथे नेऊन फक्त पाण्याचा नळ भिंतीतून आत घ्यावयाचा. सोसायटीच्या पंचांनी इमारतीच्या दर्शनी भागास बाधा येते अशी हरकत लेखी काढली. मी महसुली पद्धतीने दरखास्त लिहून दिली: अर्जदाराचे नाव, मजकूर सदनिकेचा क्रमांक, नकाशाची प्रत, बदलाचे कारण, आणि अखेरीस त्या सकाळची हकीकत, इस्पितळाच्या कागदाची नक्कल जोडून. सभेत ती वाचली गेली तेव्हा, भाचा सांगतो, हरकत घेणाऱ्या गृहस्थांनीच प्रथम विचारले की आपल्या इमारतीत अशी आणखी किती यंत्रे बंद स्नानघरांत आहेत. मोजणी झाली, बरीच निघाली, आणि भाच्याच्या अर्जास मंजुरी देणाऱ्या ठरावातच बाकीच्यांनीही आपापले गिझर सज्जात काढावेत, त्यासाठी वेगळी परवानगी लागणार नाही, असे कलम घालण्यात आले. पुठ्ठे बसविलेले झरोके त्याच आठवड्यात मोकळे करविण्याचे काम पंचांनी रखवालदाराकडे सोपविले.